तीन बोटे खाली!

वर्धा जिल्ह्याची जमीन काळी. कापसाला ती मानवते, रस्त्याला मात्र मुळीच मानवत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल अशा भेगा तिला पडतात. तिच्यावर अंथरलेली सडक बिचारी दरसाल तिच्याबरोबर वरखाली होत राहते. लांबून सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी होडीसारखी का डुलते, याचे उत्तर पुष्कळदा त्या काळ्या मातीत दडलेले असते. आता मोठे रस्ते सिमेंटचे झाले, ही गोष्ट खरी. परंतु आर्वी, देवळी किंवा हिंगणघाटच्या आडवाटेला एकदा वळून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कंबरेला कळेल.

अशा मुलखात वाहनाचे पोट जमिनीपासून जितके वर तितके बरे, हे जुन्या माणसांना कोणी शिकवावे लागत नसे. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले तेव्हा वर्ध्याहून तिथवर धड रस्ता नव्हता. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती नेत असत आणि तिला थट्टेने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत, अशी त्या काळची एक आठवण सांगतात. ऑक्स म्हणजे बैल, आणि फोर्ड ती फोर्डच! इंग्रजांच्या थोर विद्यापीठाचे नाव असे एका बैलजोडीने ओढून वर्ध्यात आणले.

त्याच वर्ध्यात आमच्या भाचेबुवांनी आपली मोटार तीन बोटे खाली बसवून घेतली.

भाचेबुवा नोकरीला बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत. रोज वर्ध्याहून पन्नास किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे. त्यासाठी त्यांनी एक लहानशी जुनी हॅचबॅक घेतली. गाडी उत्तम होती. पण उभी गाडी त्यांच्या डोळ्यांत सलू लागली. चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये मूठभर मोकळी जागा दिसते, ती म्हणे गावंढळ दिसते! ती जागा नाहीशी झाली म्हणजे गाडीला रुबाब येतो. मग कोणा एका गॅरेजात जाऊन चारी स्प्रिंगा कापून आणल्या. माझी बहीण दारात आरतीचे तबक घेऊन उभी होती, तिने गाडीकडे पाहिले आणि म्हणाली, “अरे, चांगली उभी होती, तिची कंबर कशाला मोडलीस?”

मी नागपूरला असतो. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले असल्यामुळे असले वाद घरात माझ्याकडे येतात. भाचेबुवांनी फोनवरच मला गाठले.

“मामा, तुम्हीच सांगा आईला. गुरुत्वमध्य खाली आला की गाडी जास्त स्थिर होते ना? तुम्हीच शिकवलंत!”

आता शिकवले होते हे खरे, आणि ते चूकही नाही. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते, ब्रेक लावला की नाकावर येते. या प्रत्येक वेळी भार एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जातो आणि किती जातो हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. समजा तो जमिनीपासून पंचावन्न सेंटीमीटरवर होता आणि आपण तो पन्नासवर आणला, तर ही भाराची सरकासरक सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होते. शर्यतीच्या गाड्या जमिनीला पोट लावून पळतात त्या काही फॅशनसाठी नव्हेत. पण त्या गाड्यांत स्प्रिंग, शॉकअप, चाकाला धरून ठेवणारे दांडे हे सारे त्या उंचीसाठीच घडवलेले असते. आणि त्या ज्यावर पळतात त्या फरशीसारख्या रस्त्याखाली कापसाची जमीन नसते.

मी भाचेबुवांना एवढेच विचारले, “तू गाडी खाली आणलीस. चाके कुठे आहेत?”

“चाके जिथल्या तिथे आहेत!”

गंमत सगळी इथेच आहे. चाके जमिनीवर आहेत, ती कुठे जाणार? गाडी खाली आली याचा अर्थ, गाडीच्या मानाने पाहिले तर, चारी चाके तीन बोटे, म्हणजे पाचेक सेंटीमीटर, वर गेली. एखाद्या मोठ्या खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना चाक क्षणभर जसे वर जाते, तसे ते आता कायमचे वर जाऊन बसले. कारखान्यातल्या माणसाने जो प्रसंग क्षणभराचा म्हणून धरला होता, त्यालाच आपण गाडीची नेहमीची बैठक केली. पुढचे सगळे रामायण यातून निघते.

गाडीच्या पुढच्या चाकांची रचना एकदा समजून घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे ‘मॅकफर्सन स्ट्रट’ नावाची व्यवस्था असते. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याच्या नावाची ही युक्ती १९५० च्या आगेमागे फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांतून रस्त्यावर आली. आणि १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे अवतरलेल्या मारुती ८०० ने ती घरोघर पोचवली. यात स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा खांब असतो. वरचे टोक गाडीच्या अंगाला बांधलेले. खालच्या टोकाला चाकाचा गुडघा, आणि त्या गुडघ्याला गाडीच्या पोटाशी जोडणारा एक आडवा हात. त्याला मिस्त्रीलोक ‘लोअर आर्म’ म्हणतात. याखेरीज स्टिअरिंगकडून येणारा एक बारीक दांडा असतो, त्याचे नाव ‘टायरॉड’. चाक डावी-उजवीकडे वळवायचे ते याच्या ओढण्या-ढकलण्याने.

आता आपल्या घरातला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. चारी कड्या सारख्या लांबीच्या असल्या, की फळी पुढे-मागे जाते पण तिरपी होत नाही. एक कडी चार बोटे आखूड करा. झोपाळा स्थिर असताना कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण झोका घेतला की फळी वळते, आणि झोका जितका मोठा तितकी अधिक वळते. लोअर आर्म आणि टायरॉड ही अशीच दोन कड्यांची जोडी आहे. चाक वरखाली होताना दोघेही आपापल्या बिंदूभोवती गोल फिरतात. कारखान्यातला अभियंता त्यांची लांबी आणि जागा अशा बेताने ठेवतो, की नेहमीच्या उंचीच्या आसपास दोघांचे झोके जुळावेत आणि चाकाची दिशा ढळू नये. गाडी पाच सेंटीमीटर खाली बसवली म्हणजे झोपाळा एका बाजूला ओढून तिथेच बांधून ठेवल्यासारखे झाले. तिथे दोन्ही कड्या जुळत नाहीत. चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळते. शिवाय प्रत्येक खड्ड्यागणिक ते आणखी थोडे वळते, आणि सरळ रस्त्यावर हातातले चक्र न फिरवताही गाडी आपल्या मनाने बाजूला होऊ पाहते.

चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळण्याला मोटारीच्या भाषेत ‘टो’ म्हणतात. पावले आत टाकून चालणारी माणसे असतात तसे टो-इन. फेंगडी चालणारी असतात तसे टो-आउट. चाक वरून आत किंवा बाहेर कललेले असेल तर तो ‘कॅम्बर’. तिसरा ‘कॅस्टर’; म्हणजे चाक ज्या कलत्या रेषेभोवती वळते तिचा मागचा कल, ज्याच्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. गाडी नुसती नाकाकडे जास्त खाली केली तर हा तिसराही कमी होतो आणि सरळ जाताना गाडी भिरभिरते. या तिघांची मापे जुळवणे म्हणजेच अलाइनमेंट. पुष्कळांना वाटते, अलाइनमेंट म्हणजे टायरवाल्याने बिलात घातलेला आणखी एक आकडा. तसे नाही.

हा सारा हिशेब मी भाचेबुवांना फोनवर ऐकवला. त्यांनी “हो मामा, हो मामा” म्हणत ऐकला आणि गाडी तशीच चालवीत राहिले. तरुण रक्ताला आकडेमोडीने आवर घालता येत नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी मंडळींचा शिर्डीला जायचा बेत ठरला. येळाकेळीजवळ समृद्धी महामार्गावर चढायचे, की साडेचारशे किलोमीटर कुठे थांबा नाही. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पार मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पुरा झाला. मोटारीला तिथे ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. म्हणजे सेकंदाला तेहेतीस मीटर! गाडीत बहीण, मेहुणे, भाचेबुवा, सूनबाई आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. मी निरोप द्यायला म्हणून आदल्या दिवशी वर्ध्याला गेलो आणि निघण्यापूर्वी गाडी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखव, असा मामेपणाचा हट्ट धरला.

मिस्त्री साठीच्या घरातले. आता त्यांच्याकडे संगणकाचे यंत्र आहे. चारी चाकांना चिमटे लावायचे, गाडी हातभर मागेपुढे ढकलायची, की पडद्यावर आकडे येतात. बरोबर असले तर हिरवे, चुकले तर तांबडे. परंतु त्यांनी यंत्र लावलेच नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकले, आणि पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला, जिथे उभ्या माणसाची नजर कधी जात नाही तिथे, तळहात फिरवला.

“या मामाजी, तुमी बी हात लावून पाहा.”

बाहेरून टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती. आतल्या कडेला बोटे नेली तर नक्षी नव्हतीच. गुळगुळीत रबर, आणि त्याच्याही आत काहीतरी केसासारखे टोचले. टायरच्या आतली तार बाहेर आली होती.

“गाडी खाली घेतली ते ठीक हाय,” मिस्त्री भाचेबुवांना म्हणाले, “पन चाकाले कोनी विचारलं का?”

भाचेबुवांच्या तोंडचे पाणी पळाले. माझ्याही. उद्या सकाळी याच टायरवर ती चिमुरडी बसणार होती.

मग गाडी यंत्रावर चढली. पडद्यावर सगळे तांबडे! पुढच्या प्रत्येक चाकाचे तोंड जवळजवळ अर्धा अंश बाहेर वळलेले. अर्धा अंश म्हणजे किती? रिमच्या कडेवर मोजले तर जेमतेम तीन मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणालाही वाटेल. पण हिशेब करा. ज्या दिशेला चाकाचे तोंड आहे तिकडे त्याला जायचे असते, आणि गाडी त्याला सरळ ओढत असते. अर्ध्या अंशाच्या वाकडेपणात एक किलोमीटर सरळ जाताना चाक पावणेनऊ मीटर बाजूला ओढले जाते. वर्धा-बुटीबोरी-वर्धा अशा शंभर किलोमीटरांत ते झाले सुमारे पावणेनऊशे मीटर. रबर लवचीक असल्यामुळे यातले काही नुसते वाकून निभते, सगळेच घासत नाही. तरीसुद्धा रोजच्या रोज खोडरबर कागदावर घासावे तसे टायर सडकेवर घासत होते, आणि दोन महिन्यांत गाडी पाच हजार किलोमीटर चालली होती.

त्यातच भर कॅम्बरची. गाडी खाली बसली तशी चाकांची डोकी आत कलली, आणि सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर आला. या गाडीत हा कल एक अंशाच्या घरात होता. लोक या कलण्यालाच दोष देतात. मला विचाराल तर खरा चोर टो आहे, कॅम्बर त्याला दार उघडून देणारा. नुसत्या एक अंश कलण्याने टायर वर्षभरात थोडे तिरपे झिजले असते. दोन महिन्यांत तार दिसली ती दोघांच्या संगनमताने.

आणखी एक खोच आहे, ती ऐकून भाचेबुवा पार गोंधळले. त्यांची समजूत अशी, की खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते. स्ट्रटच्या गाडीत पुष्कळदा उलट घडते. गाडी वळणावर एका अदृश्य बिंदूभोवती कलते, आणि तो बिंदू कुठे पडतो हे लोअर आर्मच्या तिरपेपणावर ठरते. चाक गाडीच्या मानाने वर गेले, आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा उंच झाले, की हा बिंदू झपाट्याने खाली घसरतो. गाडी पाच सेंटीमीटर खाली आली असेल, तर तो त्याहून कितीतरी अधिक खाली जातो. साहजिकच त्याच्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतची तरफ लांब होते आणि गाडीला कलायला अधिकच सोयीचे होते. याशिवाय आर्म असा वर तोंड करून बसला, की वळणावर बाहेरचे चाक दबताना आत कलण्याऐवजी बाहेर कलू लागते. म्हणजे जिथे टायरने जमीन घट्ट धरायची तिथेच त्याची पकड सुटू पाहते. शर्यतीची गाडी खाली करणारे लोक म्हणूनच आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंटही सोबत खाली नेतात. भाचेबुवांच्या गॅरेजवाल्याने फक्त करवत चालवली होती.

करवतीचेही ऐका. स्प्रिंगेचा एक वेढा कापला म्हणजे ती आखूड होते आणि थोडी कडकही होते. सहा कामाचे वेढे असतील आणि एक कापला, तर कडकपणा एक-पंचमांशाने वाढतो. परंतु चाकाला वर जायला जी जागा होती ती कितीने कमी झाली? समजा रिकाम्या गाडीत ती आठ सेंटीमीटर होती. तीन बोटे गाडी खाली आली, उरली तीन. त्यात पाच माणसे आणि सामान बसले की गाडी आणखी तीन-चार सेंटीमीटर दबते. म्हणजे निघण्यापूर्वीच सारी जागा संपली! स्प्रिंग मिटली, की शेवटी एक रबराचा ठोकळा असतो, त्यावर गाडी टेकते. मग प्रत्येक खड्डा थेट हाडाला लागतो, आणि हादऱ्याने चाक क्षणभर जमीनच सोडते. चाक जमिनीवर नसेल तर ब्रेक लावून उपयोग काय? ढोबळ हिशेबाने, चाकाची वर जायची जागा निम्म्यावर आली तर तोच धक्का पचवायला स्प्रिंग चौपट कडक हवी. एक-पंचमांशाने ते कसे भागणार? उलट बाजूने, गाडी जॅकवर उचलली तर आखूड स्प्रिंग आपल्या वाटीत सैल पडते आणि जागा सोडते. काही महाभाग तर कापण्याचेही कष्ट घेत नाहीत; गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून तिला बसवतात. पोलादाचे पाणी उतरले की ती स्प्रिंग राहत नाही, वाकलेली सळई होते.

मागच्या चाकांचे मात्र फारसे बिघडले नव्हते. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दणकट तुळईसारखा भाग असतो. गाडी खाली आली तरी चाकांचा कल त्याच्यासारखाच राहतो. वर्ध्याच्या बैलगाडीचा आख आणि हा आख यांत तेवढ्यापुरते नाते आहे.

भाचेबुवांनी अजूनही एक शस्त्र राखून ठेवले होते. “पण मामा, गतिरोधकावर आजपर्यंत गाडी घासली नाही.” यावर मी कागदच मागवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा. लहान गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.४ मीटर अंतर; ती बरोबर मध्यावर असताना दोन्ही चाकेही उंचवट्यावरच असतात, आणि पोटाखाली उंचवटा केवळ चार सेंटीमीटरच्या आसपास वर येतो. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर भाचेबुवांचीही गाडी सुखाने पार होईल! परंतु ज्या गावात रात्रीतून सरपंचांच्या देखरेखीखाली दोन टोपली गिट्टी ओतून गतिरोधक होतो, तिथे हा कागद कोणी पाहिलेला नसतो. फूटभर रुंदीच्या त्या वरवंट्यावर पुढचे चाक उतरून जाते आणि मग पोटाखाली उभाच्या उभा वरवंटा येतो.

ही हौस केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतून गाड्या जमिनीला टेकवून हळूहळू मिरवण्याचा छंद फार जुना आहे. कॅलिफोर्निया सरकारने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कायदा केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नसावा. तेव्हा १९५९ साली रॉन ॲग्वायर नावाच्या पठ्ठ्याने विमानाच्या जुन्या सामानातले तेलाचे पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले. रस्त्यावर मिरवताना गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून वर! फ्रेंच लोकांनी त्याआधीच, १९५५ साली, सित्रोएन डीएस ही गाडी काढली होती. तिला स्प्रिंगांऐवजी दाबलेला वायू आणि तेल. एक माणूस बसो की पाच, गाडी आपली उंची आपणच सांभाळी. मला त्या फ्रेंच गाडीचे फार कौतुक वाटते, कारण उंची बदलली की चाकांची सारी मापे बदलतात हे ओळखून तिने उंचीच बदलू दिली नाही.

आपल्याकडे कायदा अधिक रोखठोक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतला तपशील मूळ कारखानदाराच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. ‘एमएच ३२’ ची पाटी लावून मिरवणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते? अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा काय विचारील, याचाही विचार करावा.

ज्यांच्या घरात असा हौशी भाचा नाही त्यांनी निर्धास्त होऊ नये. गाडी आपोआपही खाली बसते. जुन्या अँबॅसडरच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगांऐवजी पिळाचे दांडे, टॉर्शन बार, असत. वर्षानुवर्षांच्या पिळाने ते सैलावले की गाडी गुडघ्यात वाकल्यासारखी दिसे, टायर तिरपे झिजत, आणि मिस्त्री दांडा सोडून एक-दोन खाचा पुढे पिळून तिला पुन्हा उभी करीत. आजच्या गाड्यांच्या स्प्रिंगाही दहा-बारा वर्षांनी दमतात. तुमच्या गाडीचे चारी कोपरे कधी मोजले आहेत का? सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर अलाइनमेंट करून काही उपयोग नाही. आधी स्प्रिंग बघायची.

दिवाळीचाच प्रसंग घ्या. मागे तिघे दाटीवाटीने, डिकीत चकलीचे डबे, कंदील, कोणाच्या तरी सासरचा भाजणीचा पत्र्याचा डबा. गाडी मागून बसते, नाक वर होते आणि पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचे एक लहान चाक असते. बहुतेकांना ते कशाचे हे ठाऊक नसते. ते दिव्यांची नजर खाली करण्याचे आहे. मागे ओझे असेल तेव्हा ते फिरवावे. भरल्या गाडीसाठी टायरात हवाही थोडी जास्त लागते. ती किती, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत बहुधा लिहिलेले असते.

शिर्डीचा बेत दोन दिवस पुढे ढकलला गेला. भाचेबुवांचे म्हणणे, नवे टायर टाकून अलाइनमेंट करून घेऊ, गाडी आहे तशी राहू दे. मिस्त्रींनी नकार दिला. टो जुळवता येईल, तो टायरॉडच्या आट्यांवरच असतो. कॅम्बर या गाडीत जुळवायची सोयच नाही, त्याला वेगळे बोल्ट लागतात. आणि रस्ता खाऊन टाकायला स्प्रिंगेत जागा उरली नाही तिला यंत्र काय करणार? “मशीन नंबर दाखवते जी,” ते म्हणाले, “जागा थोडीच देते?”

मग खरोखरच काय करायचे, हे भाचेबुवांनी जरा घुश्शातच विचारले. मिस्त्रींचे उत्तर मला आवडले, कारण त्यात हौसेला मज्जाव नव्हता. खाली घ्यायचीच असेल तर बोटभर घ्या. त्या गाडीसाठी बनवलेली आखूड आणि कडक स्प्रिंग घ्या, कापलेली नव्हे. तिच्या जोडीचे शॉकअप घ्या, कारण कडक स्प्रिंगेला जुना शॉकअप आवरत नाही आणि गाडी चेंडूसारखी उडते. आधी उंची, मग बुश आणि बॉल जॉइंटची तपासणी, मग कॅम्बर, शेवटी टो. हा क्रम मोडायचा नाही. पाचशे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंग बसते, तेव्हा पुन्हा मोजायचे. आणि या सर्वाला लागणाऱ्या पैशात तुमच्या पत्नीला एक बरीशी पैठणी येईल, हे त्यांनी शेवटी जाता जाता घातले. कायद्याचे कलम मी घातले.

भाचेबुवांनी सूनबाईंकडे पाहिले आणि कंपनीच्या मापाच्या चार स्प्रिंगा मागवल्या. दोन टायर नवे घ्यावेच लागले. एकंदर खर्च गाडी खाली करताना झाला होता त्याच्या कितीतरी पट झाला. आकडा मला ठाऊक आहे, पण भाचेबुवा हा अंक वाचणार आहेत.

शिर्डीहून परतल्यावर पाचशेहून कितीतरी अधिक किलोमीटर झालेच होते, म्हणून मिस्त्रींकडे पुन्हा फेरी झाली. मी योगायोगाने वर्ध्यातच होतो. पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले. मिस्त्रींनी तिकडे पाठ केली होती. ते वाकून टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवीत होते, आणि शेजारी चार वर्षांची ती चिमुरडी त्यांच्यासारखीच वाकून, दुसऱ्या चाकावर आपला हात फिरवीत होती.